प्रतिजैविके: क्रिया, मात्रा आणि विषारीपणा
(धानपट्ट्यातील तापाच्या संदर्भात एक आढावा)

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यात असलेला लाखांदूर तालुका हा धानाचा मुलूख आहे. रोवणीपासून कापणीपर्यंतचे चार-पाच महिने येथील शेतकरी आणि मजूर बांध्यांच्या चिखलात, धुऱ्यांवरच्या गवतात आणि लगतच्या झुडपी जंगलात वावरत असतात, आणि तापाचा हंगामही नेमका हाच असतो. हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस हे पाचही आजार पहिल्या दोन-तीन दिवसांत जवळजवळ सारखेच दिसतात: अंग तापते, डोके ठणकते, हातपाय मोडून येतात. यांपैकी हिवताप परजीवीमुळे होतो व त्याची औषधे वेगळी आहेत. डेंग्यू विषाणूमुळे होतो व त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही. उरलेले तीन जिवाणूंमुळे होतात, परंतु त्यांतील एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. ‘अँटिबायोटिक चालू केले आहे’ या वाक्याने रुग्णाच्या घरच्यांना धीर येतो खरा, पण कोणते औषध, किती मात्रेत, किती तासांनी, किती दिवस आणि कोणाच्या शरीरात, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या वाक्याला वैद्यकीय अर्थ फारसा नसतो.

2018 च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भाच्या अनेक भागांत स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तोवर वैद्यकीय पुस्तकांपुरते राहिलेले हे नाव वर्तमानपत्रांत आले. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू गवत-झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किडीच्या अळीमार्फत माणसाच्या शरीरात शिरतो. ही अळी, जिला चिगर म्हणतात, उंदरांच्या अंगावर पोसली जाते आणि वाटेत आलेल्या माणसालाही चावते. चावा दुखत नाही, त्यामुळे तो कोणाच्या लक्षात राहत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो, आणि काही रुग्णांच्या काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा कानामागे बिडीचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली दिसते. ही खपली दिसली तर निदान जवळजवळ हातात आले असे समजावे. मात्र ती कपड्यांनी झाकलेल्या जागी असते आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला कपडे बाजूला करायला सांगून ती शोधण्याइतकी सवड क्वचितच मिळते. उपचार लांबले तर फुफ्फुस, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूची आवरणे यांच्यावर आघात होऊन रुग्ण दगावू शकतो.

प्रतिजैविकांची क्रिया समजून घेण्यासाठी हा आजार विशेष उपयोगी आहे, कारण सर्वांत जास्त वापरली जाणारी औषधे येथे निष्प्रभ ठरतात आणि ती तशी का ठरतात हे स्पष्टपणे सांगता येते. प्रतिजैविक म्हणजे जिवाणूला मारणारे किंवा त्याची वाढ थोपवणारे आणि तसे करताना माणसाच्या पेशींना शक्य तितके सोडून देणारे द्रव्य. हा भेद करता येतो तो जिवाणूची पेशी आणि माणसाची पेशी यांच्या घडणीतील फरकांमुळे. बहुतेक जिवाणूंभोवती साखर आणि अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी विणलेली भिंत असते. माणसाच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही औषधे या भिंतीचे विणकाम करणाऱ्या विकरांना, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, जखडून ठेवतात. त्यामुळे वाढणाऱ्या जिवाणूची भिंत कच्ची राहते आणि तो आतल्या दाबाने फुटतो. विषमज्वराच्या शंकेने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शन देणे सर्वत्र रूढ आहे आणि विषमज्वरात ते योग्यही आहे. परंतु ओरिएन्शियाची भिंत अतिशय तुटपुंजी असते आणि तो माणसाच्याच पेशींच्या आत राहून वाढतो, त्यामुळे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची कितीही इंजेक्शने दिली तरी त्याला धक्का लागत नाही. जेन्टामायसिनचेही तेच होते: हे औषध जिवाणूच्या प्रथिननिर्मितीवर घाला घालते, पण ते माणसाच्या पेशींत नीट शिरत नाही आणि शत्रू तर आत बसलेला असतो. डॉक्सिसायक्लिन मात्र पेशीच्या आवरणातून सहज आत जाते आणि जिवाणूचा रायबोसोम, म्हणजे प्रथिने तयार करण्याची यंत्रणा, बंद पाडते. म्हणूनच योग्य वेळी सुरू केलेल्या डॉक्सिसायक्लिनने स्क्रब टायफसचा ताप बहुधा 48 तासांत उतरतो, आणि अनेक दिवस महागडी इंजेक्शने घेऊनही न उतरलेला ताप या स्वस्त कॅप्सूलने उतरल्याचे दिसते.

इतर गटांचा उल्लेख थोडक्यात करता येईल. अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड ही रायबोसोमच्याच दुसऱ्या भागावर काम करतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचा वर्ग जिवाणूच्या जनुकद्रव्याची गुंडाळी उलगडणाऱ्या विकराला अडवतो. रिफॅम्पिसिन जनुकातील संदेशाची नक्कल होऊ देत नाही. सल्फा औषधे जिवाणूला स्वतःचे फॉलिक आम्ल तयार करू देत नाहीत. आणि कोलिस्टिन जिवाणूचे बाह्य आवरणच भेदते. एक नोंद मात्र पूर्व विदर्भापुरती महत्त्वाची आहे. हत्तीरोग या भागात पिढ्यानपिढ्या ठाण मांडून आहे, आणि तो कृमीमुळे होत असला तरी त्या कृमीच्या शरीरात वोल्बाखिया नावाचा जिवाणू राहतो, ज्याच्याशिवाय कृमी नीट जगू वा प्रजोत्पादन करू शकत नाही. चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन दिले असता तो जिवाणू मरतो आणि त्यापाठोपाठ कृमीही क्षीण होतो.

महाराष्ट्राचा या औषधांशी संबंध केवळ वापरापुरता नाही. 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनचा शोध लावला, दुसऱ्या महायुद्धात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि स्वतंत्र भारताने ते स्वतः बनवायचे ठरवल्यावर जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. येथील शास्त्रज्ञांनी बुरशीवर मारक ठरणारे हॅमायसिन शोधून काढले. परदेशातून येणाऱ्या औषधावर अवलंबून न राहता खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पेनिसिलिन पोहोचवण्याचे जे काम या कारखान्याने केले, त्याची आठवण आज जितकी ठेवली जायला हवी तितकी ठेवली जात नाही.

औषध बरोबर निवडले तरी मात्रा चुकली तर निवड वाया जाते. एखाद्या जिवाणूची वाढ थांबवण्यासाठी प्रयोगशाळेत औषधाचे जे कमीत कमी प्रमाण लागते, त्याला किमान रोधक संहती म्हणतात. रक्तातील औषधाची पातळी या रेषेच्या किती वर आणि किती काळ राहते, यावर उपचाराचे यश अवलंबून असते. पेनिसिलिनच्या गटात पातळी किती उंच गेली यापेक्षा ती रेषेच्या वर किती वेळ टिकली याला महत्त्व असते. अमॉक्सिसिलिनचे रक्तातील प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा ठरावीक अंतराने घ्यावे लागते, आणि सकाळची गोळी राहिली म्हणून रात्री दोन एकदम घेतल्याने मधल्या रिकाम्या तासांची भरपाई होत नाही. जेन्टामायसिनचा स्वभाव याच्या उलट आहे: येथे पातळीची उंची कामाची असते, आणि औषध ओसरल्यावरही काही तास जिवाणू डोके वर काढत नाही. त्यामुळे तीन छोट्या मात्रांऐवजी दिवसाची सगळी मात्रा, किलोमागे सुमारे 5 मिलिग्रॅम, एकदाच दिली तर परिणाम चांगला होतो आणि मूत्रपिंडाला विश्रांती मिळून इजाही कमी होते. अधिक औषध एकदम देणे अधिक धोक्याचे, हा सर्वसामान्य समज येथे खोटा ठरतो. डॉक्सिसायक्लिन व अ‍ॅझिथ्रोमायसिन यांच्याबाबत दिवसभरात शरीराला मिळालेले एकूण औषध महत्त्वाचे ठरते. डॉक्सिसायक्लिनचे प्रमाण निम्मे व्हायला 16 ते 22 तास लागतात, अ‍ॅझिथ्रोमायसिनचे तर जवळजवळ तीन दिवस, म्हणूनच त्याच्या तीन किंवा पाच गोळ्यांचा कोर्स संपल्यावरही औषध शरीरात काम करत राहते.

स्क्रब टायफससाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार 45 किलोपेक्षा अधिक वजनाच्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन दिवसाला 200 मिलिग्रॅम, दोन भागांत, सात दिवस द्यावे; त्याहून कमी वजनाच्या मुलांना किलोमागे दिवसाला 4.5 मिलिग्रॅम, आणि गर्भवतीला डॉक्सिसायक्लिनऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. या सूचनांतला सर्वांत मोलाचा भाग असा की, आजाराची सबळ शंका असल्यास रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. तालुक्याच्या ठिकाणाहून नमुना भंडारा किंवा नागपूरला जाऊन अहवाल परत येईपर्यंत जे दिवस जातात, तेच दिवस या आजारात निर्णायक असतात, हे लक्षात घेतले तर या सूचनेचे महत्त्व ध्यानात येईल. गंभीर रुग्णांसाठी पुढचा पुरावा 2023 मध्ये आला. भारतातील सात रुग्णालयांत सुमारे 800 रुग्णांवर झालेल्या चाचणीत शिरेतून केवळ डॉक्सिसायक्लिन, केवळ अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि दोन्ही एकत्र अशी तुलना करण्यात आली. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकून राहिलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप यांपैकी काही ना काही घडलेल्यांचे प्रमाण एकेकट्या औषधाच्या गटांत 47 व 48 टक्के, तर एकत्रित गटात 33 टक्के होते. या चाचणीत पहिल्या दिवशी दुप्पट मात्रा देण्यात आली होती. सावकाश ओसरणारे औषध नेहमीच्या मात्रेत दिले तर रक्तातील पातळी स्थिर व्हायला दोन-तीन दिवस जातात, आणि गंभीर रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून सुरुवातीलाच मोठी मात्रा देऊन ती पातळी गाठली जाते.

मात्रेचा हिशेब वजनाशी जसा बांधलेला असतो तसा मूत्रपिंडाशीही, आणि येथे होणारी चूक सहसा डोळ्यांना दिसत नाही. रक्तातील क्रिअ‍ॅटिनिन 1.0 असले की अहवालावर ‘नॉर्मल’ लिहून येते. परंतु क्रिअ‍ॅटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि आयुष्यभर रोवणी-निंदण करून वाळलेल्या, 65 वर्षांच्या, 40 किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात स्नायूच कमी असतात. वय, वजन आणि लिंग धरून प्रचलित सूत्राने हिशेब केला तर तिचे मूत्रपिंड मिनिटाला जेमतेम 35 मिलिलिटर रक्तद्रव गाळते असे उत्तर येते. निरोगी तरुण माणसात हा आकडा 100 च्या आसपास असतो. अशा स्त्रीला जेन्टामायसिन किंवा अमिकॅसिन प्रौढांच्या ठरावीक अंतराने देत राहिल्यास आधीची मात्रा बाहेर पडण्यापूर्वीच पुढची येऊन पडते. डॉक्सिसायक्लिनला ही अडचण नाही, कारण मूत्रपिंड अशक्त असले तरी त्याची मात्रा बदलावी लागत नाही. लहान मुलांत वेगळा धोका असतो: कोरड्या पावडरीच्या सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच घालायचे असते आणि मात्रा सोबतच्या मोजमापाच्या टोपणाने द्यायची असते, पाणी अधिक झाले किंवा घरातला चमचा वापरला, तर कागदावरची अचूक मात्रा प्रत्यक्षात अंदाज होऊन बसते.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे असल्याने या भागात मात्रेचा आणखी एक प्रश्न येतो. या आजारात प्लीहा लहान वयातच निकामी होते, आणि न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूपासून शरीराचे रक्षण करण्याचे काम प्लीहाच करत असल्याने अशा बालकाला काही तासांत जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. म्हणून त्याला आजारी नसतानाही, वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत, पेनिसिलिन व्ही दिवसातून दोनदा द्यावे अशी शिफारस आहे: तीन वर्षांपर्यंत 125 मिलिग्रॅम आणि पुढे 250. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या साध्या उपायाने असे संसर्ग सुमारे 84 टक्क्यांनी कमी झाले होते. प्रतिजैविके कमी वापरा, असा सरसकट उपदेश करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. येथे मात्रा चुकवणे हाच धोका आहे.

विषारीपणाचा विचार करताना पुन्हा पेशींच्या घडणीकडे यावे लागते. माणसाच्या पेशीत ऊर्जा निर्माण करणारे सूक्ष्म अवयव, म्हणजे तंतुकणिका, हे मुळात अब्जावधी वर्षांपूर्वी पेशीत सामावून गेलेल्या जिवाणूंचे वंशज आहेत आणि त्यांचा रायबोसोम आजही जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळताजुळता आहे. रायबोसोमवर काम करणारी काही औषधे म्हणूनच दीर्घ वापरात माणसालाही इजा करतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरले जाणारे लिनेझोलिड हे याचे उत्तम उदाहरण होय. एका चाचणीत ते दिवसाला 1200 मिलिग्रॅम, 26 आठवडे दिलेल्या गटात 93 टक्के रुग्ण बरे झाले, पण 38 टक्क्यांच्या हातापायांच्या नसांना इजा झाली आणि 22 टक्क्यांत अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तपेशी घटल्या. मात्रा निम्मी, म्हणजे 600 मिलिग्रॅम, केल्यावर 91 टक्के बरे झाले आणि हेच दोन दुष्परिणाम अनुक्रमे 24 आणि 2 टक्क्यांवर आले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे मात्राशास्त्राची गरज कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगतात.

जेन्टामायसिन, अमिकॅसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही औषधे मूत्रपिंडात आणि अंतःकर्णात साठतात. मूत्रपिंडाची इजा औषध वेळीच थांबवल्यास बहुधा भरून निघते. कानातल्या केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यकृताला इजा करू शकतात, म्हणून भूक मरणे, मळमळ आणि डोळे पिवळे होणे या खुणा रुग्णाला आधीच सांगून ठेवायच्या असतात. एथॅम्ब्युटॉलने रंग, विशेषतः लाल-हिरवा, ओळखण्यात फरक पडू लागला तर ते लगेच थांबवायचे असते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गाने स्नायुबंध दुखावतात व रक्तशर्करा खाली-वर होते. अ‍ॅझिथ्रोमायसिनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी तो सांगायला हवा.

डॉक्सिसायक्लिन त्या मानाने सौम्य, पण त्याचे दोन त्रास धानपट्ट्यात हमखास आडवे येतात. ही कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाले तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तेथे जखम करते. म्हणून ती पेलाभर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास बसून राहावे. दुसरे असे की, या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते आणि दिवसभर बांधीत वाकून काम करणाऱ्याची मान, हात भाजल्यासारखे होतात. याशिवाय लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची औषधे आणि दूध यांच्याबरोबर घेतल्यास औषध त्यांच्याशी बांधले जाऊन पोटातच अडकते. गावोगावी स्त्रियांना लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, तेव्हा या दोहोंत दोन-तीन तासांचे अंतर ठेवायला सांगणे आवश्यक आहे. मुलांचे दात पिवळे पडतात ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनवरून आली असून अल्प मुदतीच्या डॉक्सिसायक्लिनबाबत ती आता निराधार मानली जाते.

‘गोळ्या गरम पडल्या’ असे म्हणून लोक ज्या तक्रारी सांगतात, त्यांत अनेक वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. तोंड येणे किंवा एक-दोन पातळ जुलाब हे आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारले गेल्यामुळे होते आणि बहुधा आपोआप थांबते. औषधानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी, धाप, घशात आवळल्यासारखे वाटणे आणि रक्तदाब कोसळणे ही मात्र तीव्र अ‍ॅलर्जी होय. पेनिसिलिनच्या दर 10 हजार वापरांत ती 1 ते 5 वेळा होते, आणि तिच्यावर मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनलिन हाच उपाय असल्याने ते हाताशी नसलेल्या ठिकाणी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊ नये. अंगाची साल निघू लागणे, डोळे-ओठ सोलवटणे हा सल्फा औषधांचा विरळ पण भयंकर परिणाम आहे. या सर्वांना एकाच ‘गरम’मध्ये टाकल्याने किरकोळ त्रासापायी उपयोगी औषध सोडले जाते आणि गंभीर खूण अंगावर काढली जाते.

औषधांचा प्रतिकार करणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न याच साखळीतला आहे. अपुरी मात्रा अर्धवट जिवाणू मारते आणि उरलेल्यांना वाढायला मोकळे रान मिळते. गरज नसताना दिलेली पुरेशी मात्राही शरीरातल्या निरुपद्रवी जिवाणूंत हाच बदल घडवते. सरकारने 1 मार्च 2014 पासून एच-1 ही अनुसूची लागू करून 24 प्रतिजैविकांसह काही औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली व औषध दुकानदाराने त्यांची नोंदवही तीन वर्षे ठेवावी असा नियम केला. 2016 मध्ये पाकिटांवरच्या लाल रेषेचा अर्थ समजावणारी मोहीम सुरू झाली. 2018 मध्ये 328 अनाठायी औषधमिश्रणांवर बंदी आली. नियम चांगले आहेत, परंतु डॉक्टरपर्यंत पोहोचायला मजुरी बुडवावी लागत असेल आणि मेडिकलचे दुकान हाकेच्या अंतरावर असेल, तर तापाचा रुग्ण तेथेच जाणार. तेथे तीन गोळ्या देऊन त्याची बोळवण होते, आणि चौथ्या दिवशी तो ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा आधी काय घेतले हे त्यालाही सांगता येत नाही.

या ठिकाणी वाचकाला, विशेषतः ज्याच्या घरातले कोणी धानात राबते त्याला, एक विनंती करावीशी वाटते. पावसाळ्यातला ताप घेऊन दवाखान्यात जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. रुग्णाचे वजन, गर्भारपण, सिकलसेलचे कार्ड, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आणि पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर आलेल्या गांधी यांची माहिती न विचारता द्यावी. काख, जांघ आणि कंबर घरीच पाहून काळी खपली असल्यास ती दाखवावी. आणि परत निघण्यापूर्वी औषधाचे नाव, मात्रा, वेळा व दिवस हे चारही तपशील मराठीत लिहून मागावेत.